इंद्रायणीचं काळं पान

जुन्नरच्या बाजारपेठेत लग्नपत्रिका छापणारं एक दुकान आहे. तिथल्या संगणकाचा मी जुना पडदा. मित्रांनो, आजवर मी दुसऱ्यांचीच अक्षरं दाखवत आलो. स्वतःचं मला नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे.

माझ्यासमोर इंद्रायणी बसायची. रोज सकाळी ओढणीने माझी काच पुसायची आणि मग पत्रिका जुळवायला घ्यायची. पुढे तिच्या डोळ्यांना आजार जडला. पांढऱ्या पानाचा उजेड तिला टोचे, अक्षरं त्यात विरून जात. तिने पान काळं केलं आणि अक्षरं पांढरी. मग तिला दिसू लागलं. त्या दिसण्यावरच तिचं घर चालत होतं.

मालक दादाभाऊंना ते खपेना.

"काळ्यावर नवरा-नवरीची नावं? बरं दिसतं का ते? गिऱ्हाईक बघतंय."

"भाऊ, छापून पांढऱ्यावरच येतंय ना? मला पांढऱ्यावर दिसत न्हाई."

"मग चष्मा बदल. गिऱ्हाईक नाय बदलायचं मला."

मग गिऱ्हाईक आलं की ती मला पांढरं करी, गेलं की काळं. पण ऐन लग्नसराईत दादाभाऊ तिच्या शेजारीच खुर्ची टाकून बसू लागले. मी दिवसभर पांढरा.

आणे गावच्या एका घरची पत्रिका आली. नेहमीच्या रीतीने तिने जुन्याच पत्रिकेत नवी नावं भरली. जुन्या पत्रिकेतल्या आजोबांच्या नावाआधीचं 'कै.' मात्र तसंच राहिलं. माझ्याच उजेडाने ते तिच्यापासून लपवलं. पत्रिका छापून गेल्या.

दुसऱ्या दिवशी नवरदेवाचे वडील, नवनाथ, यांनी गठ्ठा टेबलावर आपटला. "आमचा म्हातारा बाहेर जीपमधी चहा पितोय, अन् तुमी त्याला कैलासवासी करून टाकला व्हय?"

"काय सांगू पावणं," दादाभाऊ म्हणाले, "हिला दिसतच न्हाई."

इंद्रायणीने आपली पिशवी उचलली. जाताना तिने माझी काच पुसली. तीच शेवटची वेळ.

आता माझ्यासमोर श्रेया बसते. तिला पांढरं चालतं. पण दुपारी दुकान रिकामं असलं, की दादाभाऊ डोळे चोळत म्हणतात, "पोरी, ते काळं कर गं जरा. लई टोचतंय."

काळ्या पानावर माझ्या काचेवरची धूळ फार उठून दिसते. ती पुसणारी हल्ली बाजारातून भिंतीला हात लावत जाते.

मित्रांनो, मला काळं काय नि पांढरं काय, सारखंच. पण तुमच्याजवळचं कुणी 'मला दिसत नाही' म्हणालं, तर ते म्हणेल तेव्हाच खरं माना.