कळेपर्यंत सुतक नाही

सुशीलाबाईंना फोन उचलायची भारी हौस. स्वतःचा वाजो की सुनेचा, त्या हातातलं काम टाकून धावायच्या. त्या शनिवारी सकाळी पावणेदहाला गौरवीचा फोन वाजला, तोही त्यांनीच उचलला. नसता उचलला तर बरं झालं असतं, असं मागाहून म्हणायला कुणाचं काय जातं?

फोनवर गौरवीचा धाकटा भाऊ होता, रुद्रेश, सुर्ल्याहून. "मावशी, बाबा गेले," एवढंच तो म्हणाला आणि रडायला लागला. त्याचे आणि गौरवीचे वडील, गोकुळदास, सकाळचा चहा घेऊन दारातल्या खुर्चीवर बसले होते, बसल्या जागी मान कलली. ना ताप, ना दुखणं. परवाच तर हा माणूस स्कूटरवर पायांमध्ये भला थोरला फणस ठेवून मुळगावला येऊन गेला होता. लेकीच्या ऑर्डरीला लागेल म्हणून.

"ताईक घेऊन येयात," रुद्रेश म्हणाला. "चार वाजता उचलूचां म्हणतत सगळे."

सुशीलाबाईंनी बेडरूमच्या बंद दाराकडे पाहिलं. आत एसी चालू होता, आणि त्या गारठ्यात त्यांची सून टेबलावर क्रोसाँच्या पिठाला शेवटची घडी घालत होती.

आता हे क्रोसाँचं खूळ या घरात कसं शिरलं ते सांगायला हवं. म्हटलं तर पाव, पण नखरे शंभर. पिठाच्या पोटात लोण्याची लादी घालायची, लाटायचं, घडी घालायची, थंड करायचं, पुन्हा लाटायचं. मध्येच लोणी वितळलं तर पदर सुटत नाहीत आणि भट्टीतून चिकट गोळे बाहेर येतात. मुळगावात मे महिन्यात लोणी वितळायला निमित्तही लागत नाही. म्हणून घरातली एकुलती एसीची खोली गौरवीने पिठाला दिली. नवराबायको बाहेर घामाघूम झोपायची आणि पीठ एसीत झोपायचं. सुशीलाबाईंनी आधी खूप नाक मुरडलं. "घरच्या भाकरेक काय काटे फुटले?" असं त्या येता-जाता विचारायच्या. महिनोन्‌महिने सगळं फसतच गेलं. मग एकदा कसा कोण जाणे, एक घाणा जमला. पहिला तुकडा सुशीलाबाईंनीच खाल्ला आणि दुसऱ्या दिवसापासून सारणं आपल्याकडे घेतली. माडाच्या गुळातलं नारळाचं चून, आटवलेला फणस, मानकुराद आंब्याचा गोळा आणि तिखट खाणाऱ्यांसाठी हिंग घातलेली बटाट्याची भाजी. असली सारणं साहेबाच्या बापाने खाल्ली नसतील, असं त्या वाडाभर सांगत सुटल्या.

शनिवारची ऑर्डर मात्र हौसेची नव्हती. त्यांचा मुलगा ओंकार खनिजाचा ट्रक चालवायचा. खाण बंद पडली, ट्रक दारात उभा राहून गंजला आणि शेवटी भंगारात गेला. आता तो मिळेल तेव्हा दुसऱ्याची व्हॅन चालवत होता. ओडिशातल्या एका खाणीवरून त्याला बोलावणं आलं होतं, तीन वर्षांचं काम, आणि हो की नाही ते सोमवारी कळवायचं होतं. सुशीलाबाईंचे यजमान असेच एकदा लांबच्या खाणीवर गेले होते. त्यांची फक्त पेटी परत आली होती.

अशात पेडण्याकडच्या सुविधाबाईंनी मांद्र्याला नवीन हॉटेल काढलं. शनिवारी संध्याकाळी सत्यनारायण, आणि आलेल्या पाहुण्यांना गौरवीचे एकशेवीस क्रोसाँ, अंडं न लावता. आवडले तर हॉटेलला रोज लागणार. रोज लागले तर ओंकार जाणार नव्हता. सुशीलाबाईंचा सगळा जीव त्या एकशेवीस पावांत अडकला होता.

धास्ती होती ती सुतकाची. सत्यनारायणाला सुतकातल्या हातचं कोण घेणार? बांद्याकडचे भिकाजीकाका, म्हणजे सुशीलाबाईंच्या यजमानांचे चुलतभाऊ, महिनाभर घटका मोजत होते. ते गेले की या घराला दहा दिवस सुतक. म्हणून गौरवी सोमवारीच सासूला म्हणाली होती, "आई, शनवारी खोकी भायर पडासर माका कोणाचीच बातमी सांगू नकात. कानार पडली नाय तर सुतक नाय, तुमीच सांगतात मा?"

सांगत होत्याच. ओंकारच्या लग्नाच्या आदल्या दिवशी भावकीतलं एक माणूस गेलं होतं. सुशीलाबाईंनी ती बातमी दोन दिवस पोटात ठेवली, लग्न उरकलं, पाहुणे पांगले आणि मग गळा काढला. कळेपर्यंत सुतक नाही, हा आपल्याकडचा जुना रिवाज. देवालाही तो चालतो, कारण देवाला दुसरा इलाज नसतो. ती गोष्ट त्या कौतुकाने सांगायच्या आणि गौरवी हसायची.

पण ही बातमी भिकाजीकाकांची नव्हती. लेकीला बापाचं सुतक तीन दिवस, जावयालाही तेवढंच. सुशीलाबाईंना स्वतःला त्यातलं काहीच लागत नव्हतं, व्याह्याचं सुतक कुणी धरत नाही. म्हणजे कळून चालण्यासारखी घरात त्या एकट्याच होत्या. इतका हिशेबी विचार इतक्या लवकर आपल्या मनात आला याची त्यांना पुढे किळस वाटली, पण तेव्हा तो आला हे खरं.

"रुद्रेश, पाच वाजापर्यंत थांबशात?" त्या म्हणाल्या. "घेऊन येतंय मी तिका. आणि ओंकारक फोन करू नको रे बाबा, तो गाडयेर आसा."

"थांबतंव, मावशी," तो म्हणाला. बिचाऱ्याने का म्हणूनही विचारलं नाही.

त्यांनी मनाशी मांडलं: बारापर्यंत पाव वळून होतील, दोन तास फुगतील, चारपर्यंत भाजून होतील. ओंकार व्हॅन घेऊन सव्वाचारला येणार. खोकी निघाली की लगेच गौरवीला सांगायचं, रिक्षा करायची, सुर्लं अर्ध्या तासावर. बापाचं तोंड दिसेल, ऑर्डरही जाईल, पोरगाही राहील. त्यांनी पदराने डोळे पुसले, गौरवीचा फोन आपल्याच कमरेला खोचला आणि नारळाच्या चुनाचं पातेलं घेऊन त्या आत गेल्या.

"कोणाचो फोन?" गौरवीने मान वर न करता विचारलं.

"गॅसवाल्याचो."

अडीचला वीज गेली. पहिले दोन ट्रे भाजून झाले होते, चार बाकी होते. ओव्हन थंड, एसी बंद, फुगलेल्या पावांतलं लोणी केव्हा पाझरेल याचा नेम नाही. गौरवीने खिडक्या लावल्या, ओली चादर दारावर टांगली, शेजारच्या सागरच्या फ्रिजमधला बर्फ आणून परातींत भरला आणि त्या अंधाऱ्या खोलीत ट्रे राखत बसली. "आई, आज आपला काय खरां नाय," ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. सुशीलाबाईंना वाटलं, आत्ता सांगावं. देवानेच वीज घालवली, तो सांग म्हणतोय. त्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या, तोंड उघडलं.

"आई, दार लावा गो, थंडाय जाता सगळी," गौरवी म्हणाली.

त्यांनी दार लावलं.

वीज पावणेचारला आली. ओंकार येऊन दारात घड्याळ बघत उभा राहिला. साडेचारला रुद्रेशचा फोन आला. सुशीलाबाई परसात गेल्या आणि तोंडावर हात धरून म्हणाल्या, "निघाली रे, वाटेर आसा." पाचला पुन्हा आला. "थांबा हां, पोचतली आता." त्यानंतर त्यांनी फोन बंद केला. खोटं बोलायला धैर्य लागतं म्हणतात, पण काही लागत नाही. एक बोललं की पुढचं आपोआप बोललं जातं.

त्याच वेळी शेवटचा ट्रे बाहेर आला. असे पाव त्या घरात कधी झाले नव्हते. वर तांबूस, आत पदर न्‌ पदर मोकळा. सकाळपासून तोंड सुकलेली गौरवी एकदम हसली. फणसाचा एक तिने मधोमध मोडला, फुंकर घातली आणि म्हणाली, "आई, आ करा." सुशीलाबाईंनी तोंड उघडलं. फणस त्यांनीच आटवलेला होता, गोकुळदासांनी आणलेला. तो घास गिळताना त्यांना जे झालं ते त्यांनी कुणालाही कधी सांगितलं नाही.

सव्वापाचला व्हॅन कोपऱ्यावरून वळली आणि सुशीलाबाईंनी सांगितलं. गौरवीला आधी समजलंच नाही. "भिकाजीकाका?" तिने विचारलं. "नाय गो," त्या म्हणाल्या. मग ती तशीच निघाली, हाताला पीठ, पायात घरातल्या चपला. सागरने रिक्षा काढली. वाटेत गौरवी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "थांबतले ते. माझ्याशिवाय उचलूचे नाय." सुशीलाबाई तिचा हात धरायला गेल्या, तो तिने सोडवून घेतला नाही. तिला अजून अर्धंच कळलं होतं.

ऑर्डरीचं काय झालं म्हणाल, तर तेही इथेच सांगून टाकतो. सुविधाबाईंच्या पाहुण्यांनी खोकी पुसून खाल्ली. रोज चाळीस हवेत असा दुसऱ्याच दिवशी निरोप आला. गौरवीने तो वाचला आणि फोन पालथा ठेवला. तिने पुन्हा पिठाला हात लावला नाही. ओंकारने सोमवारी ओडिशाला होकार कळवला. जाताना त्याने आईला नमस्कार केला, पण तिच्याकडे बघितलं नाही.

रिक्षा सुर्ल्याला पोचली तेव्हा सहाला दहा कमी होते. अंगणात पुरुष एकही नव्हता. दोन शेजारणी बादलीने पाणी ओतून अंगण धूत होत्या, आणि माणूस उचलल्यावरच घर धुतात हे गौरवीला कुणी सांगायला नको होतं. ती फाटकातच थबकली.

तिची आई तारा भिंतीला टेकून बसली होती. लेकीला बघून ती उठली नाही. "धा मिनिटां झाली गो," ती म्हणाली. "भट घाई करी होते, रुद्रेशान कोणाचा आयकूक नाय. वाटेर आसस म्हणून तुझ्या सासूयेन सांगितलां, म्हणून थांबलो. पाचापर्यंत थांबलो, मगे आणखी चाळीस मिनिटां थांबलो. खंय अडाकलंस?"

गौरवी वळली. सुशीलाबाई फाटकाबाहेरच उभ्या होत्या. ओरडेल, छाती बडवेल, चार बायकांत आपली शोभा करेल, असं त्यांना वाटलं. तसं झालं असतं तर त्यांना सोसवलं असतं.

"बाबा कधी गेले?" गौरवीने विचारलं.

"साडेनवाक."

"तुमका कधी कळला?"

"तेवाच."

"मी भिकाजीकाकांचा म्हटलेलंय, आई," ती म्हणाली. "बाबांचा नाय म्हटलेलंय."

शेजारणींनी हातातलं काम थांबवलं होतं.

"पाच वाजता," गौरवी म्हणाली, "हे सगळे माझी वाट बघी होते तेवा, मी काय करी होतंय?"

खोटं बोलायची सोय आता राहिली नव्हती. सुशीलाबाईंनी पदर तोंडाशी धरला.

"हसत होतंस," त्या म्हणाल्या. "माका घास भरयत होतंस."

गौरवीने मान हलवली. मग शेजारणीच्या हातातली बादली घेतली आणि उरलेलं अंगण ती धुऊ लागली.