टीव्ही गेमचा पहारा

केळझरच्या सप्ताहात वीणा अण्णाजींच्या गळ्यात आली, की बाकीचे टाळकरी निर्धास्त होऊन चहाला जात. हा माणूस वीणा खाली ठेवणार नाही, याची गावाला खात्री होती. सप्ताहाचा नेमच तसा. उभी राहिलेली वीणा काल्याच्या कीर्तनापर्यंत जमिनीला टेकवायची नाही. एका गळ्यातून निघाली की दुसऱ्या गळ्यातच जायची. घेणाऱ्याने आंघोळ करून, चूळ भरून यायचं, दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं आणि मग वीणा हलायची. एका वर्षी बदलीचा गडी शेताकडे गेला तो परतलाच नाही. अण्णाजी तापाने फणफणत होते, तरी उभेच राहिले. त्यांची बायको रुख्माबाई मंडपात येऊन चिडली.

"अवो, घडीभर टेकवा नं त्या खांबाले! देव का मारून राह्यला तुमाले?"

"देव नाई मारत वो," अण्णाजी हसून म्हणाले, "पन धागा तुटते."

अशा माणसाच्या पोटी रोशन आला तो दुखणं घेऊनच. सिकलसेल. थंडी पडली, अंगातलं पाणी कमी झालं, जरा धावपळ झाली, की त्याची हाडं आतून कोणी मुसळाने कुटावीत तशी ठणकायची आणि डोळे हळदीसारखे व्हायचे. बाकीची पोरं मैदानात क्रिकेट खेळायची, हा ओट्यावर बसून स्कोअर सांगायचा. पुढे पुढे ओट्यावर बसणंही होईना. तेव्हा खेळ घरात आला.

पहिल्यांदा आला हातात मावणारा, सेलवर चालणारा ठोकळ्यांचा गेम. मंदिराखालच्या दुकानातून घेतलेला. वरून ठोकळे पडायचे, ते खाली नीट बसवायचे. पोरगं त्यात इतकं तरबेज झालं की कंटाळलं. मग नागपूरच्या मामेभावाकडे त्याने सीडीवाला गेम पाहिला. त्यातली माणसं खरीखुरी वाटायची, गाड्यांच्या काचांवर ऊन चमकायचं. मामेभाऊ जुना गेम देऊन टाकायलाही तयार होता. पण रोशनला तो नको होता. त्याची मोठी बहीण वर्षाली वर्ध्याला कॉलेजात शिकत होती. तिने तिथल्या बाजारातून कॅसेटवाला गेम आणला, आणि पोराचा जीव जडला तो त्याच्यावर. करड्या रंगाचा डबा, त्यावर एक लाल दिवा, पिवळ्या कॅसेटी आणि वायरीला लोंबणारा जॉयस्टिक. टीव्हीला जोडायचं, बस.

"त्या सीडीवाल्यात काय वाईट होतं रे?" अण्णाजींनी एकदा विचारलं. दुपारची वेळ होती. बाप कापसाची बोंडं फोडत बसला होता, पोरगं उशांना टेकून खेळत होतं.

"त्याले चालू व्हाले लय वेळ लागते बाबा. हे पाहा." रोशनने कॅसेट काढली, तिच्या तोंडात फुंकर मारली, खट्‌कन बसवली. लगेच गाणं सुरू झालं. "फुंकर मारली का झालं. आन्‌ त्याच्या जॉयस्टिकले ढीगभर बटनं. दुखून राह्यलं असलं तं बोटं कुठून आनू? ह्याले दोन आंगठे पुरतात."

"आंगठे नाई दुखत का तुहे?"

"दुखतात. पन सगळ्यात शेवटी." पोरगं हसलं. "आन्‌ ह्याच्यात सेव्ह नाई."

"म्हंजे?"

"म्हंजे मेलं का पयल्यापासून. लाइट गेली तरी पयल्यापासून. सीडीवाल्याले एक कार्ड राह्यते. जिथं सोडलं तिथून उद्या सुरू. त्याच्यात काय मजा? भेवच नाई वाटत."

अण्णाजींनी बोंड हातातच धरून ठेवलं. पोरगं बोललं ते त्यांना पटलं होतं, आणि पटलं म्हणून काळजात कुठेतरी चरकलंही होतं. "कीर्तनासारखं हाय मंग," ते म्हणाले. "मधात उठलं का गेलं. उद्या तेच म्हाराज, तेच निरूपन, पन आजचं हाती नाई लागत."

"तुमचं सगळं कीर्तनापाशीच येते," रोशन म्हणाला, पण खूश झाला.

त्या खेळात हातात कंदील घेतलेला एक बुटका माणूस होता. किल्ल्यामागून किल्ले ओलांडत, विहिरींवरून उड्या मारत त्याला जायचं होतं. शेवटचा किल्ला रोशनने कधी पाहिलाच नव्हता. तिथवर पोचेपर्यंत एकतर माणूस विहिरीत पडायचा, नाहीतर भारनियमन यायचं. त्या वर्षांत वीज पाहुण्यासारखी यायची आणि चहा घ्यायच्या आत जायची. गावात ताराचंद नावाचे किराणा दुकानदार होते. लग्नाकार्याला भोंगे भाड्याने देण्याचाही त्यांचा धंदा होता. पोराच्या दुखण्यात पंखा तरी चालावा म्हणून त्यांनी भोंग्याची जुनी बॅटरी आणि इन्व्हर्टर अण्णाजींकडे ठेवून दिलं. रोशनने पंखा बाजूला काढला आणि गेम जोडला.

आणि हिवाळ्यातल्या एका सकाळी तो शेवटच्या किल्ल्यात पोचला.

"बाबा! या लवकर! आई!" अशी हाक आली. अण्णाजी गोठ्यातून धावत आले. पडद्यावर काळ्या भिंती, खाली अंधारी विहीर, आणि बुटक्याने नुकतीच उडी घेतलेली. तेवढ्यात रोशनने स्टार्टचं बटन दाबून खेळ थांबवला. बुटका विहिरीवर अधांतरी लटकला. पोराने एक हात छातीवर दाबला होता.

"थांबवला काऊन?"

"छातीत... चमक मारून राह्यली."

डोळे पिवळे झाले होते, ओठ सुकले होते. सुट्टीला आलेली वर्षाली भावाकडे एक नजर टाकून ऑटो आणायला पळाली. रुख्माबाईने गोधडी गुंडाळली. पोराला उचलायला अण्णाजी वाकले, तेव्हा रोशनच्या हातात जॉयस्टिक तसाच होता. बापाच्या गळ्यात टाकायला हात मोकळे हवेत, म्हणून त्याने तो बापाच्या हाती दिला.

"हे धरा. बंद नका करू बाबा. मी आलो का पुढं खेळीन."

"नाई करत," अण्णाजी म्हणाले. आणि जॉयस्टिक घेताना, नकळत म्हणा, सवयीने म्हणा, ते पोराच्या पायांपाशी वाकले.

उचललं ते रुख्माबाईने आणि ऑटोवाल्याने. अण्णाजींचे हात गुंतले होते.

"तुमी मांगून येजा," रुख्माबाई ऑटोतून ओरडली. "बैलाचं पाहून, यष्टीनं." ऑटो वर्ध्याच्या रस्त्याला लागला.

जॉयस्टिकची वायर हातभर लांब. अण्णाजी टीव्हीसमोर चटईवर बसले. खाली ठेवायचा विचार त्यांच्या मनात आला नाही असं नाही. पण हाताखालची फरशी दिसली की मन मागे सरे. पोराने ज्याच्या-त्याच्या हाती नव्हतं दिलं, त्यांच्या हाती दिलं होतं. बॅटरी पुरावी म्हणून त्यांनी टीव्ही बंद केला. डबा चालू असला की खेळ जिवंत असतो, हे पोरानेच शिकवलं होतं. अंधाऱ्या खोलीत डब्यावरचा तो लाल दिवा तेवढा तेवत राहिला. मधूनच टीव्ही लावून ते बुटक्याला पाहून घेत. अजून विहिरीवरच आहे. पडला नाही. मग पुन्हा बंद. पाणी प्यायलं नाही म्हणजे उठावं लागत नाही, हे वीणेच्या पहाऱ्यांनी शिकवलेलंच होतं. तोंडात नाम चालू होतं.

संध्याकाळी ताराचंद आले. वर्षालीचा फोन त्यांच्या दुकानात आला होता.

"अण्णाजी, रक्त चढवलं म्हने. झोपला हाय पोरगा. टेंशन लेने का नही." मग त्यांनी अण्णाजींच्या हाताकडे पाहिलं. "तुमी का गेम खेळून राह्यले?"

"धरून बसलो." अण्णाजींचा चेहरा उजळला. "झोपला नं? पाहा. चालू हाय म्हून."

ताराचंदांना काही कळलं नाही. पण भला माणूस. बैलांना कडबा टाकला, ताटभर खिचडी आणून ठेवली आणि अण्णाजींना एका हाताने जेवताना पाहून मान हलवत गेले.

सकाळी उन्हं अंगणात यायच्या बेताला ते पुन्हा आले. या वेळी धावत.

"चला, उठा. पोरीचा फोन होता. बाबाले लवकर पाठवा म्हने. बाकी काई बोलली नाई, रडत होती."

अण्णाजी उठले. पाय बधिर झाले होते, भिंतीला धरून उभे राहिले. जॉयस्टिक छातीशी होता.

"येतो. तुमी हे घ्या मंग."

"द्या," म्हणून ताराचंदांनी हात पुढे केला. अण्णाजींनी हात मागे घेतला. ताराचंदांच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता.

"थुकून या अगोदर."

"अरे बाप्पा, खेळनं हाय ते!"

"आंघोळ झाली का तुमची?"

"अण्णाजी!" ताराचंदांचा आवाज चढला. "पोरगा तिकडं दवाखान्यात, आन्‌ तुमी सोवळं धरून राह्यले? ठेवा न त्या टेबलावर. कोन खाते त्याले?"

"खाली नाई ठेवता येत," अण्णाजी म्हणाले. ते रागावले नव्हते, गयावया करत होते. "आतापरेंत त्यानंच तरला तो, ताराचंदजी. आता टेकवू? आता?"

ताराचंद बघतच राहिले. मग अंगणात जाऊन खर्रा थुंकले. "बसा. मी नाहून येतो. पन मंग जासान ना?"

"उडत जातो."

ताराचंद लगबगीने गेले. अण्णाजी उभेच राहिले. बसलो तर पुन्हा उठायला वेळ जाईल, म्हणून. टोपी घातली, चपला पायात सरकवल्या, एका हाताने सदऱ्याची बटनं लावली. लाल दिवा बघत राहिले. वाट पाहणं त्यांना नवं नव्हतं. बदलीचा माणूस उशिरा येतो, पण येतो.

ताराचंद आले. डोक्यावरून पाणी निथळत होतं, अंगात धुतलेला सदरा, कपाळाला गंध. ते दारात थबकले. अण्णाजींनी विचारलं, "काऊन? या नं."

ताराचंदांनी ओले हात सदऱ्याला पुसले. पुढे आले, वाकले आणि अण्णाजींच्या पायांवर डोकं ठेवलं. नुसतं टेकवायचं असतं, ते बराच वेळ तसेच राहिले. अण्णाजींना ते बरं वाटलं. माणूस नीट शिकून आला. तेही वाकले, जॉयस्टिक त्यांच्या हाती दिला आणि स्टँडकडे निघाले, जवळजवळ धावतच.

स्टँडवर यष्टी नव्हती. ऊन चढेपर्यंत ते वाट पाहत उभे राहिले. वर्ध्याकडून एक पांढरी गाडी आली आणि त्यांना ओलांडून पुढे थांबली. मागचं दार उघडलं. वर्षाली उतरली. आत रुख्माबाई बसली होती. तिच्या मांडीवर कालचीच गोधडी होती, वरपर्यंत ओढलेली.

अण्णाजी गाडीत चढले. रस्ता थोडाच होता.

घरी बैठकीतच त्याला ठेवायचं होतं, म्हणून बायका चटई उचलू लागल्या. तर ताराचंद टीव्हीसमोर मांडी घालून बसलेले, जॉयस्टिक दोन्ही हातांत धरून, डोळ्यांतून पाणी वाहत असलेले. कोणीतरी म्हणालं, सरका न जी शेटजी. ते हलले नाहीत. त्यांनी अण्णाजींकडे पाहिलं.

"नाहून दुकानातून निंघतच होतो, तं पुन्हा फोन आला," ते म्हणाले. "सांगाले जीभ नाई उचलली. हे... ठेवू का आता?"

अण्णाजी वर्षालीकडे वळले.

"काई म्हने का तो? गेमचं?"

वर्षालीने भिंतीला डोकं टेकलं. रात्रभर जागलेला तिचा आवाज खरखरीत झाला होता. "गेमचं एक डाव बी नाई विचारलं त्यानं. तुमचंच विचारत होता. बाबा कुठी हाय, बाबा कुठी हाय. मी सांगतलं, तुहा गेम धरून बसले. तं हसला. म्हने, बंद करून ये म्हना बाबाले. मले वाटलं, लवकर पाठवा म्हटलं का येसान तुमी. म्हून तेवढंच बोलली मी फोनवर."

बाहेर कोणी बांबू टाकल्याचा आवाज झाला. अण्णाजी ताराचंदांसमोर बसले. नेम चुकला नाही, वाकले, जॉयस्टिक घेतला. दुसऱ्या हाताने टीव्ही लावला. काळ्या भिंती आल्या, अंधारी विहीर आली, आणि विहिरीवर कंदील धरून लटकलेला तो बुटका माणूस आला. पडला नव्हता.

"बंद करून ये म्हने?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"हो बाबा."

अण्णाजींनी डब्याचा खटका दाबला. लाल दिवा गेला. मग त्यांनी जॉयस्टिक फरशीवर ठेवला आणि गोधडीपाशी सरकले. पोराच्या पायांवर हात ठेवायला गेले, तर बोटं उलगडेनात. धरून धरून ती तशीच वाकडी राहिली होती.