डायनामोच्या मागची चीर

खडूच्या पांढऱ्या भुकटीतून ती काळी रेघ हळूहळू वर आली... आधी केसाएवढी, मग जरा ठळक, आणि पांडुरंग वाकून बघत असतानाच ती पुढे पुढे सरकत डायनामोच्या मागे शिरली आणि दिसेनाशी झाली. म्हणजे एवढ्यावर भागणार नाही तर! काल त्याला वाटलं होतं, बोटाच्या पेरापेक्षा लांब नसेल. इंजिनच्या ब्लॉकला रॉकेल चोपडायचं, कोरडं पुसायचं, वर खडू भुरभुरवायचा, की आत मुरलेलं रॉकेल बाहेर पाझरतं आणि चीर आपलं खरं माप दाखवते – कंपनीत मेंटेनन्सला असताना हे त्यानं कितीदा केलं होतं, पण तिथलं मशीन कंपनीचं असायचं. बंद पडलं तर पडलं. इथे ही घरची, जुनी डिझेल अँबॅसडर, आणि उद्या सकाळी मालनताईला घेऊन मुंबईला जायचं होतं, डायलिसिसला.

गाडी घेतलीच होती मुळी तेवढ्यासाठी. ताईच्या दोन्ही किडन्या गेल्या, आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि ते मशीन त्यांच्या आगाशीतच काय, विरार-वसईतही कुठे नव्हतं. विरारच्या मिकॅनिकनं कालच हात झटकले होते. ब्लॉक बदला म्हणाला, नाहीतर भंगारात घाला. पण काम तसं अवघड नव्हतं. चिरेच्या दोन्ही टोकांना एकेक बारीक भोक पाडायचं, म्हणजे चीर पुढे पळत नाही; मग एम-सील मळून वर थापायचं आणि उद्या सकाळपर्यंत वाळू द्यायचं, बस्स. एक टोक मोकळं राहिलं तर मात्र इंजिन तापल्यावर चीर तिथूनच पुढे धावणार, आणि वरचं लिंपण कुठल्या कुठे उडणार. सकाळी चहा घेताना हे सगळं त्यानं ताईलाही समजावून सांगितलं होतं. तिला सगळं सांगावंच लागे.

अलीकडचं टोक समोरच होतं. त्यानं ड्रिल मशीनची वायर ओटीवरच्या प्लगमधून ओढून आणली, गुडघा बंपरला टेकवला आणि बिट लावला. लोखंडाचा कीस मनगटावर गरम गरम पडत राहिला. बिट आरपार गेला तेव्हा हाताला एकदम हलकं लागलं आणि भोकातून गढूळ तांबडं पाणी ओघळलं, ब्लॉकमध्ये कुठेतरी साचून राहिलेलं. छान झालं. हे टोक झालं.

आता पलीकडचं. त्यासाठी डायनामो उतरवायला हवा... दोन बोल्ट, गंजलेले. पाना लावायचा, डिझेलचे चार थेंब सोडायचे, जरा जोर करायचा. अर्ध्या तासाचं काम. पांडुरंगानं पाना हातात घेतला, बोल्टवर बसवला, आणि तसाच वाकून उभा राहिला.

गेल्या खेपेला खाडीवरच्या वर्सोव्याच्या पुलाच्या अलीकडे गाडी तापली होती. बॉनेट उघडल्यावर वाफेचा लोट, मागून ट्रकवाल्यांचे हॉर्न, आणि तो कॅनमधलं पाणी रेडिएटरमध्ये ओततोय, ओततोय, तरी ती भरेना. मागच्या सीटवर सुजलेले पाय सोडून बसलेली ताई खिडकीतून म्हणाली, "काय मेली नशीबवान! मला दिवसाला दोन पेले मोजून, आणि हिला बादल्या!" तो हसला होता. हसावंच लागतं. घराभोवती केळीची वाडी, आणि तिला केळं वर्ज्य. माडाखाली राहून शहाळं वर्ज्य. त्याची बायको विनिता तिच्यासाठी भाजी दोनदा उकडते, पाणी फेकून देते आणि उरलेला चोथा वाढते, आणि ताई तो, "वा, आज मीठ जास्त पडलं हं," असं म्हणत खाते. मीठ नसतंच त्यात.

आणि मग मशीनजवळचं ते बसणं... नळीतून जाणारं रक्त, परत येणारं रक्त, बाहेरच्या बाकावर पेंगणारे आपण. घरी यायला अंधार पडतो. दुसरा दिवस ती निपचित पडलेली असते, त्यानंतर जरा बरी दिसते, तोवर पुन्हा जायची वेळ. याला शेवट कुठे आहे? डॉक्टर म्हणाले, चालू ठेवायचं. कधीपर्यंत, ते कोणी सांगत नाही, आणि आपण विचारत नाही. विचारणार तरी कसं? माणसानं तोंडानं असं विचारायचं?

"पांडू! अरे, ब्लॉक फुटला म्हणतात गाडीचा?"

तो दचकला. कुंपणापाशी प्लासिड उभा होता, पलीकडच्या वाडीतला, जीपमधून दादरला फुलं नेणारा. लहानपणी दोघं वाडीमागच्या बावखलात, त्या जुन्या तळ्यात, पोहायला शिकले होते.

"फुटला कसला. बारीक चीर आहे."

"उद्या मालनबायची खेप ना? माझी जीप फुलं उतरवली की रिकामीच. मी नेतो तिला. तू पण चल, आरामात बस, झोप काढ."

"नको रे," पांडुरंग म्हणाला. "जीप तिला चढायला उंच पडते. आणि ही होईल सकाळपर्यंत."

"उंच पडते तर स्टूल ठेवू, त्यात काय?"

"होईल रे ही. खरंच."

प्लासिड "बघ बाबा, सांग रात्रीपर्यंत," म्हणून गेला. पांडुरंग त्याच्या पाठीकडे बघत राहिला. उंच पडते! कुठून सुचलं हे? तयार होतं तोंडात, अगदी घडी घालून ठेवल्यासारखं. हो म्हणायला काय धाड भरली होती? उपकार नकोत म्हणून? प्लासिडचे कसले उपकार, त्याच्या लग्नात आपणच राबलो होतो. मग?

त्यानं पाना बोल्टवरून काढला आणि फडक्यावर ठेवला. मग एम-सीलच्या दोन्ही कांड्या सोलल्या आणि तळहातावर मळायला घेतल्या. एक काळी, एक पांढरी. मळता मळता दोन्हीचा एकच करडा गोळा झाला. बोटं काम करत होती. त्यानं तो गोळा लांबट केला, चिरेवर दाबत दाबत नेला, डायनामोपर्यंत, आणि पुढचा आडोशातला भाग नुसत्या बोटानं चाचपून लिंपला. वरून अंगठ्यानं गुळगुळीत केला. बघणाऱ्याला सगळं नीट दिसलं असतं. तिथे आत, डायनामोच्या मागे, भोक पाडलंय की नाही, हे कुणाच्या बापाला कळणार होतं?

मला कळतंय ना. 

हे असं एकदम, सरळ आलं. विसरलो म्हणायची सोय नव्हती. बोल्ट गंजलेत म्हणायचीही नव्हती, त्यानं पाना फिरवूनसुद्धा पाहिला नव्हता. उद्या निघायचं. रस्त्यात कुठेतरी तापमानाचा काटा वर चढणार, वाफ येणार, गाडी बंद. मग वेळ निघून जाणार, मशीन दुसऱ्या कुणालातरी दिलं जाणार, आपण परत येणार. दोष गाडीचा. जुनी गाडी, काय करणार. आणि मग... मग काय? गेल्या वर्षी रस्ता खचून एक खेप चुकली होती, तेव्हा ताईला आडवं पडता येईना. पाठीला उशा लावून ती बसून होती, फुप्फुसात पाणी भरत चाललेलं, प्रत्येक श्वास तोंडानं ओढून घेत, आणि तिचे डोळे सारखे याच्याकडे. त्या वेळी त्यानं देवाला हात जोडले होते की वाचव. खोटं नव्हतं ते. पण आजचंही खोटं नाही. दोन्ही आपलंच. शी! कसला माणूस आहे मी!

"पांडू," ओटीवरून हाक आली. "झालं का रे?"

त्यानं रॉकेलनं हात पुसले आणि तो वर गेला. ताई आरामखुर्चीत होती, डावा हात उशीवर ठेवलेला. सुयांसाठी जोडलेली त्या हातावरची शीर गाठीगाठीनं फुगून वर आली होती. विनिता बाजारात गेलेली. घरात दुसरं कोणी नव्हतं.

"झालं," तो म्हणाला. "वाळलं की झालं."

"प्लासिड आला होता ना? काय म्हणत होता?"

"असंच. जीप देतो म्हणाला. मी म्हटलं नको."

"बरं केलंस."

त्याला वाटलं, ती त्याच्या कामावर विश्वास ठेवून बोलतेय, आणि शरमेनं त्याचे कान तापले. तो काहीतरी बोलणार तोच ती म्हणाली, "ड्रिल एकदाच वाजलं."

तो नखात अडकलेलं एम-सील खरवडू लागला.

"मी कान देऊन बसले होते. दुसऱ्यांदा वाजेल, वाजेल म्हणून. मग तू हात पुसलेस त्या रॉकेलचा वास आला, म्हटलं, याचं आवरलं."

"ताई, तो डायनामो... बोल्ट गंजलेत गं. मी आत्ता काढतो. ते ओलं आहे अजून, खरवडून टाकतो आणि—"

"राहू दे."

"राहू दे काय? वाटेत फुटलं म्हणजे?"

"राहू दे म्हटलं ना," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. "दमलास. बस जरा."

तो बसला नाही. ही माफी होती, की मागणं? की ती नुसतीच दमली होती, आणि उद्या उठल्यावर कपडे करून, पावडर लावून, चल रे, उशीर होतोय म्हणणार होती? तिच्या तोंडाकडे बघून काही कळेना. आतापर्यंत त्याला वाटत होतं, जगण्याची ओढ ताईची आणि थकवा आपला. तिची ओढ होती म्हणून तर आपल्याला मनातल्या मनात कुरकुरता येत होतं. ती ओढच तिनं सोडली असेल, तर त्या कुरकुरीचं आता करायचं काय? तो एकदम घाबरला. बाप गेला तेव्हा तो नववीत होता, आणि ही परकर खोचून वाडीत उतरली होती. पाण्याचे पाट वळवायला त्याला धाडायची, मागून स्वतः जाऊन बघायची, आणि एखादं आळं कोरडं दिसलं की अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं ओरडायची, अर्धवट्या, पुन्हा जा! भर जेवणावरून उठवून तिनं त्याला परत पाठवलेलं होतं. किती राग यायचा तिचा.

खाली ते लिंपण अजून मऊ होतं. नखानं निघालं असतं. पांडुरंग ओटीच्या पायरीवर उभा राहिला, खाली न उतरता, मागे वळून न बघता, आणि तिनं एकदा तरी ओरडावं म्हणून वाट पाहत राहिला.