मास्तरांचा उजवा पाय

"दुसऱ्याच्या हाती स्वतःला सोपवून देणं आम्हाला काय शिकवता, रोजचाच धंदा आहे तो आमचा," असं मास्तर नवरा-बायकोंच्या स्पर्श-शिबिराच्या पहिल्याच तासाला म्हणाले आणि वर हसलेही. मास्तर गाडी चालवायला शिकवायचे. सगळं आयुष्य शेजारच्या सीटवर गेलं होतं. स्टिअरिंग कुणातरी भेदरलेल्या माणसाच्या हातात, समोरून ट्रक येतोय, आणि आपण खिडकीत कोपर टेकवून निवांत. याहून मोठं समर्पण असेल तर दाखवा, असा त्यांचा एकूण सूर होता.

एक गोष्ट त्यांनी सांगितली नाही. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, आणि मास्तरांचा उजवा पाय त्याच्यावरून आजवर उठलेला नव्हता.

शिबिर व्यायामशाळेच्या वरच्या हॉलमध्ये होतं. खाली लोखंडी वजनं आदळायची, वर गाद्या घातलेल्या, पडदे ओढलेले, आणि प्रत्येक गादीच्या पायथ्याशी गरम पाण्याच्या पातेल्यात तेलाची वाटी. जोडपी मोजकीच. शिकवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. ताई साध्या होत्या, हळू बोलायच्या, गळ्यात माळा नाही की डोळ्यांत काजळ नाही. टर उडवावी असं त्यांच्यात काहीच सापडेना, याचं मास्तरांना जरा वाईटच वाटलं.

ताईंनी सांगितलं की कण्याच्या तळाशी शक्ती वेटोळं घालून झोपलेली असते. तिला गदागदा हलवून उठवायचं नसतं. आधी समोरच्या देहात देव आहे असं समजून नमस्कार करायचा. मग दोघांचा श्वास एका लयीत येईपर्यंत थांबायचं. मग कोमट तेलाचा हात, तळापासून माथ्याकडे, उलटा कधीच नाही, आणि दुसरा हात टेकल्याशिवाय पहिला उचलायचा नाही. देणाऱ्याने काही मागायचं नाही. घेणाऱ्याने काही करायचं नाही.

काही करायचं नाही म्हटल्यावर मास्तर खूश झाले.

खरं तर त्यांना इथे आणलं होतं बायकोने. मास्तरांची आई बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होती आणि तिचं सगळं बायकोने केलं. कूस बदलणं, पुसणं, पावडर लावणं, चादर ओढून सुरकुत्या काढणं. मास्तर दारात उभे राहून "आई, बरं वाटतंय ना?" असं विचारायचे आणि शिकवणीला निघून जायचे. आई गेली. बायको रात्री उठायला सोपं म्हणून त्याच खोलीत झोपायची, ती आई गेल्यावरही तिथेच झोपत राहिली. मास्तरांना वाटलं, येईल आपोआप. ती आली नाही. एकदा त्यांनी मागून खांद्यावर हात ठेवला तर ती दचकून म्हणाली, "काय हवंय, पाणी?"

शेवटी तिनेच शिबिराचं काढलं. म्हणाली, "एकदा जाऊन बघू. नाही जमलं तर मी त्या खोलीतच राहीन. आणि मग तुम्ही परत विचारायचं नाही." हे ती भाजी निवडता निवडता म्हणाली, म्हणून मास्तरांना जास्त भीती वाटली.

तर मास्तर पाठ उघडी टाकून गादीवर पालथे झोपले. बायकोने नमस्कार केला, श्वास जुळवला, आणि माकडहाडावर हात ठेवून वर सरकवायला सुरुवात केली. पहिला हात ठीक गेला. दुसऱ्याला थोडा वेग आला, तसा मास्तरांचा उजवा पाय दाबला गेला. तिसऱ्याला जोरात. चौथ्या वेळी हात मानेच्या वळणावर आला आणि मास्तरांनी करकचून ब्रेक मारला. पातेलं उपडं झालं. पाणी एकीकडे गेलं, तेल शेजारच्या गादीकडे. तिथे एक दातांचे डॉक्टर डोळे मिटून, गुडघ्यांवर बसून आपल्या बायकोतल्या देवाला नमस्कार करत होते. ते नमस्काराच्या मुद्रेतच घसरले आणि डोकं देवाच्या पोटात बसलं.

पुसापुशी झाली. ताई रागावल्या नाहीत. त्या मास्तरांशेजारी बसल्या आणि विचारलं, "त्यांना का थांबवताय?"

"मी कुठे थांबवतोय," मास्तर उशीत तोंड घालून म्हणाले. "पाय थांबवतोय."

पुन्हा सुरुवात झाली. या वेळी मास्तरांनी उजव्या पायावर डावा पाय टाकून ठेवला आणि दात ओठ खाऊन निवांत पडून राहिले. पण आता बायकोचं काहीतरी वेगळंच चाललं होतं. तिने एक हात त्यांच्या खांद्याला घातला, एक कमरेला, आणि झटक्यात त्यांना कुशीवर वळवलं. खालची चादर ओढून ताठ केली. टाचा उचलून बघितल्या. मग माकडहाडावर अंगठा दाबला, उचलला, आणि वाकून बघत बसली. तिला स्वतःला यातलं काही कळत नव्हतं. हात आपले आपण चालले होते.

"काय बघताय?" ताईंनी विचारलं.

"लाली जाते का ते."

ताई म्हणाल्या, तिथे शक्ती झोपलेली असते.

"सासूबाईंना पडून पडून तिथेच जखम झाली होती," बायको म्हणाली. "हाडापर्यंत. शेवटपर्यंत भरली नाही."

खाली कुणाच्या तरी हातून वजन पडलं. दातांच्या डॉक्टरांनी अंगावरचं तेल पुसणं थांबवलं. ताई एवढंच म्हणाल्या की हात उचलू नका, असू द्या तिथेच. पण बायकोने हात उचलला, पुसला, आणि वेळ संपेपर्यंत मांडीवर ठेवून बसली.

परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, "नाही जमलं." मास्तरांना म्हणायचं होतं की अगं, एका दिवसात कुणाला लायसन मिळतं का. पण ती खिडकीबाहेर बघत होती, आणि हा विनोद शिकवणीत रोज करून करून त्यांचा त्यांनाच कंटाळा आला होता. घरी पोचल्यावर ती सरळ आईच्या खोलीत गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

मास्तर बाहेर उभे राहिले. त्यांना ती जागा पाठ होती. याच उंबऱ्यावर ते सगळी वर्षं उभे राहिले होते, एक पाऊल आत, एक बाहेर, आईला बरं वाटतंय ना ते विचारत. आत गेलं की वास येईल, जखम दिसेल, आई काहीतरी मागेल, म्हणून. पाय इथेही दाबलेलाच होता.

त्यांनी दार ढकललं, आत गेले, सदरा काढला आणि आईच्या खाटेवर पालथे झोपले. खाट कुरकुरली. बायको खुर्चीत बसली होती, ती उठून उभी राहिली.

"हे काय?"

"आईला करायचीस तसं कर," मास्तर म्हणाले. "सगळं. मी बघितलंच नाही कधी."

मग तिने कोमट पाणी आणलं. ओल्या फडक्याने त्यांची मान पुसली, काखा पुसल्या, पाठ पुसली. कूस बदलली. चादर ताणली. हे सगळं करताना ती हळूहळू सांगत होती, सासूबाई कुठे हात लावला की कण्हायच्या, कुठे लावला की डोळे मिटायच्या, आणि एकदा आपल्याला शिव्या देऊन नंतर आपलाच हात धरून कशा झोपल्या. सांगताना मध्येच तिचा आवाज फाटला, पण हात थांबला नाही. मास्तर उशी भिजवत पडून राहिले.

मग तेल आलं. अंगठा पुन्हा माकडहाडावर टेकला, दाबला गेला, उचलला गेला. लाली आली आणि गेली. तिने पुन्हा बघितलं. धडधाकट पाठ होती, नुसती पाठ. तिचा हात तिथून वर निघाला, कमरेवरून, फासळ्यांमधून, मानेपर्यंत, आणि तो टेकलेला असतानाच दुसरा खालून निघाला. आता ती कुणाची कूस बदलत नव्हती. वेग आला, वळणं आली, आणि मास्तरांचा उजवा पाय खाटेवर सुटा पडून राहिला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

नंतर ती पालथी पडली आणि मास्तरांनी तिला तेलाचा हात दिला. "हळू", "आरशात बघ" वगैरे काहीही त्यांच्या तोंडून निघालं नाही. शक्ती जागी झाली का, हे दोघांनाही सांगता आलं नसतं. बायको मात्र गाढ झोपली. दुसरा हात टेकल्याशिवाय पहिला उचलायचा नाही म्हणून मास्तर दोन्ही हात टेकवूनच बसून राहिले, मुंग्या येऊन हात बधिर होईपर्यंत. संध्याकाळी तिने आपली उशी उचलली आणि त्यांच्या खोलीत आणून ठेवली. जाता जाता म्हणाली, "तुम्ही घोरता अजून?" मास्तर म्हणाले, माहीत नाही, कुणी सांगायलाच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली शिकवणी एका शिंपीणबाईंची होती. मास्तर खिडकीत कोपर टेकवून, लांब श्वास घेत बसले होते. उतारावर बाईंनी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला. मास्तरांचा उजवा पाय ब्रेकच्या अलीकडे सुटा पडला होता, तो तिथेच राहिला. गाडी फुटपाथ ओलांडून चपलांच्या दुकानाच्या काचेतून आत गेली आणि लहान मुलांच्या बुटांच्या मांडणीला टेकून थांबली. कुणाला लागलं नाही.