साईराजची गाडी

नाथादादा गाडीत बसले आणि त्यांनी दार खाली ओढून घेतलं, तेव्हा मला वाटलं, बसू दे. मुलाची गाडी आहे, बाप शेवटचं बसतोय. मीही काही दगड नाही.

काशीगावातल्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही चौघं होतो. गाडीत नाथादादा. बाहेर मी, त्यांची बायको मंजुळाताई आणि गाडी न्यायला आलेला दलाल जितेंद्र. मंजुळाताईंच्या हातात पाण्याचा तांब्या आणि तुळशीचं पान. दान देणाऱ्याने हातावरून पाणी सोडायचं, मग ती वस्तू दुसऱ्याची, असा त्यांचा रिवाज. दान घेणारी मी, उत्तनजवळच्या चौक गावची आयरिन, निवृत्त नर्स.

गाडी विजेवरची, हायपरकार म्हणतात ती. मुंबईत दुसरी नाही, असं जितेंद्रचं म्हणणं. भातशेती टॉवरवाल्यांना विकली तेव्हा साईराजने हौसेने घेतली, आणि इथल्या स्पीडब्रेकरवर पोट घासतं म्हणून फारशी चालवलीच नाही. मग त्याच्या किडन्या गेल्या. मीरा रोडच्या हॉस्पिटलात त्याचं डायलिसिस मीच करायचे. शेजारच्या खाटेवर माझा भाऊ फ्रेडी असायचा, चौकहून पहाटेची बस आणि पुढे रिक्षा करून आलेला, परतताना रस्त्यातच ओकणारा. साईराज एकदा म्हणाला, "सिस्टर, मी गेलो की ही गाडी विका आणि उत्तनला मशीन लावा." बापासमोर म्हणाला. बापाने मान डोलावली.

त्याला जाऊन वर्ष झालं. उत्तनला चर्चने खोली दिली, आम्ही रंग लावला, पाण्याची लाइन ओढली. फक्त मशीन यायच्या होत्या. फ्रेडी तर आता मीरा रोडला जायचंच टाळतो, पाय सुजले तरी उद्या जातो म्हणतो. या गाडीची मला किती घाई होती ते माझं मलाच माहीत.

मे महिन्याची दुपार, वर पत्रा तापलेला. गाडीच्या काचा बंद, एसी बंद. नाथादादांचा शर्ट छातीला चिकटला होता. मी काचेवर टकटक केलं. त्यांनी हातानेच नको म्हटलं.

"लॉक अडकलं वाटतं," जितेंद्र म्हणाला. "गाडी उघडायचं कार्ड त्यांच्याच खिशात आहे. कंपनीच्या माणसाला फोन लावतोय."

"तो येईपर्यंत काय बघत बसू? त्यांना बीपी आहे. काच फोड."

"सिस्टर, पार्टीला एक स्क्रॅच पण नकोय. काच फुटली तर सौदा गेला समजा. ही काच इंडियात भेटतच नाय."

खोटं कशाला बोलू, मी आधी फ्रेडीचाच विचार केला. आत नाथादादा पुन्हा नको नको करत होते, आणि मला भरून आलं. माणूस गुदमरतोय, तरी पोराच्या दानाला धक्का लागू देत नाही.

मग जितेंद्रला आठवलं. सीटजवळ एक लाल पट्टी असते, ओढली की दार उघडतं, लॉक असो नसो. तो काचेला तोंड लावून ओरडला, "शेठ, ती लाल पट्टी ओढा. काल दाखवली ना तुम्हाला."

नाथादादांनी पट्टीकडे पाहिलं. मग दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसले.

दार अडकलं नव्हतं.

"येनार न्हाय ते," मंजुळाताई हळूच म्हणाल्या. "रातभर एकच बोलनं. पानी सोडलं की पोरगा गेला."

माझं डोकं फिरलं. शब्द पोराचा, मान डोलावली यांनी, आणि आता त्याच्यावर ठाण मांडून बसले होते. मी काचेवर थापा मारल्या, शिव्यासुद्धा दिल्या असतील. ते वळले नाहीत. मग त्यांची मान कलली आणि एक हात मांडीवर घसरला.

"दोन मिनिटं थांबा, सिस्टर," जितेंद्र आडवा आला.

कोपऱ्यातली पहार मंजुळाताईंनीच माझ्या हातात दिली. काचा नाथादादांच्या अंगावर उडू नयेत म्हणून मी पलीकडच्या बाजूला गेले. पहिल्या घावाला काही झालं नाही. दुसऱ्याला काचेवर जाळं पसरलं. तिसऱ्याला काचेबरोबर माझ्या मशीनही फुटल्या. मी आत हात घालून पट्टी ओढली.

आम्ही त्यांना ओढून आंब्याच्या सावलीत आणलं. पाय उंच केले, कपाळावर ओलं फडकं ठेवलं. नाडी आधी लागेना, मग लागली. जितेंद्र लांब जाऊन फोनवर बोलत होता. परत येऊन म्हणाला, "पार्टी निम्मेच देते बोलतेय. निम्म्याच मशीन येतील तुमच्या. गाडी उचलू की राहू दे?"

नाथादादांनी डोळे उघडले. "अजून थोडं बसू दिलं असतंस, सिस्टर," ते म्हणाले.

चार शब्द धीराचे बोलायला हवे होते. आयुष्यभर तेच केलंय मी. पण त्या दिवशी माझ्याकडे ते नव्हते.

"साईराज गेलाय, नाथादादा," मी म्हणाले. "माझा भाऊ अजून आहे."

ते कोपरावर रेलून उठले. मग खिशातून गाडीचं कार्ड काढलं आणि हात पुढे केला. मी खाली ओंजळ धरली. मंजुळाताईंनी कार्डावर तुळशीचं पान ठेवलं, तांब्या उचलला, पण नाथादादांनी मूठ मिटली ती सोडेनात.

मंजुळाताईंनी तांब्या खाली ठेवला आणि त्यांची बोटं एकेक करून उघडली. कार्ड माझ्या ओंजळीत पडलं. मग तांब्या उचलून मंजुळाताईंनीच वरून पाणी सोडलं.