वीस पावलांवरची तहान

मित्रांनो, मी एक जुनं मूळ आहे. मिरजगावच्या शिवारातल्या एका चिंचेचं. झालं! चिंच म्हटल्याबरोबर तुमच्या तोंडाला पाणी सुटलं ना? मी अजून बोलायला लागतोय, तोच तुम्ही मान वर करून फांदीकडे पाहिलंत. जन्मभर असंच होत आलं आहे, आणि खरं सांगतो, माझा नुसता जळफळाट होतो.

वास्तविक आधी आम्ही आलो. चिंचोका मातीत रुजला, तेव्हा सगळ्यांत पहिल्यांदा खाली तोंड करून निघालं ते सोटमूळ. कोंब मागाहून ऐटीत वर गेला. पुढे सोटमुळाला बाजूने फाटे फुटले, त्यांतला एक मी. टोकाला टोपी घालून मी मुरमातून वाट काढत गेलो. त्या टोपीच्या मागे माझे केस आहेत, पापणीच्या केसांहून बारीक. पाणी पितात ते हे केस, मातीतले क्षारही तेच ओढतात. खोडाजवळचा माझा जाडजूड भाग पाणी पीत नाही. तो झाड धरून ठेवतो आणि माझं पाणी वर पोचवतो. एवढं नीट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी फजिती इथेच झाली.

वावटळीत झाड टिकलं, की लोक म्हणत, खोड काय भक्कम आहे! शेताची मालकीण भागूबाई चिंचा फोडून बाजारात नेई, तर गिऱ्हाईक म्हणे, "लई झ्याक हाय तुमची चिंच." आणि पाणी कुणी पाजलं? पानं अन्न तयार करून मला खाली पाठवतात, हे कबूल. पण ते सांगायची मला कधीच घाई नसते.

बहात्तर साली पावसाने पाठ फिरवली. दिवाळीपर्यंत चिंचेची पानं गळाली. तेव्हा भागूबाईचा दीर सूर्यभान बुंध्याशी येऊन म्हणाला, "वैनी, झाड गेलं. आता सरपन तरी करू."

"भावजी, सासूबाईंनी लावल्यालं झाड हाय," भागूबाई म्हणाली. "गुढीपाडव्यापत्तूर थांबा. पालवी न्हाई आली, तर घाला कुऱ्हाड."

त्या दिवसापासून ती भांडी विसळलेलं पाणी घागरीत साठवून रोज झाडाला घालू लागली. कुठे घालत होती? वटपौर्णिमेला वडाला घालतात तसं, अगदी बुंध्याशी, वर हात जोडून! खोडाला रोज अंघोळ, आणि वीस पावलांवर मी कोरडा ठणठणीत. कष्ट माझे आणि पाणी त्याला! मी इतका जळत होतो, की मरणाचीही भीती वाटेना. एकदाच मला कुणीतरी उजेडात आणावं आणि माझं कौतुक करावं, एवढीच इच्छा उरली होती.

मित्रांनो, इच्छा जपून करावी.

माघात त्याच शेतावर बांधबंदिस्तीचं दुष्काळी काम निघालं. सूर्यभान चर खणत होता, भागूबाई घमेली उचलत होती. खणता खणता कुदळीने माझ्यावरची माती उडवली आणि मी पहिल्यांदा ऊन पाहिलं.

"मुळी हाय बाभळीची," म्हणत सूर्यभानने कुदळ उचलली.

"थांबा!" भागूबाईने रिकामं घमेलं माझ्यावर पालथं घातलं. मग खाली बसून तिने घमेलं बाजूला केलं, बोटांनी थोडी माती सारली, मी कुठून आलो ते पाहिलं आणि चिंचेकडे मान वळवली. "भावजी, हिथं कुठंय बाभळ? ही आपल्या चिंचंची हाय. बगा, टोकाची केसं वली मातीच धुंडत्यात. म्हंजी हे झाड हिथं पानी पितंय व्हय? अन् मी खुळी रोज बुंधा भिजवतीया!"

आजूबाजूच्या बाया जमल्या. "बया, केवढं लांब आलंय!" एकजण म्हणाली. अखेर माझं कौतुक झालं! पण फुगायला वेळच मिळाला नाही. उन्हाने माझे केस बघता बघता कोमेजू लागले. ज्या उजेडासाठी मी जन्मभर झुरलो, तोच माझा जीव घेत होता.

भागूबाईने आपल्या प्यायच्या तांब्यातलं पाणी माझ्यावर ओतलं आणि ओंजळी भरभरून मला मातीने झाकलं. सूर्यभानने तेवढी दोन हात जागा न खणता सोडून चर पुढे नेला. दुसऱ्या दिवसापासून घागर माझ्याजवळ रिकामी होऊ लागली. कोमेजलेल्या केसांच्या जागी नवे आले.

पाडव्याच्या आदल्या दिवशी फांद्यांवर तांबूस पालवी फुटली. सूर्यभानने आणून ठेवलेली कुऱ्हाड परत घरी नेली. गाव गोळा झालं, आणि काय सांगू, सगळे वर बघून म्हणाले, "काय पालवी आलीया!" माझ्या पोटात पुन्हा दुखलं. स्वभावाला औषध नसतं.

पाडव्याला भागूबाई नैवेद्य घेऊन आली. बुंध्याशी न थांबता ती वीस पावलं पुढे चालत आली आणि मोकळ्या जमिनीवर पुरणपोळी ठेवून तिने हात जोडले. "वैनी, देव तिकडं ऱ्हायला की," सूर्यभान हसला.

"तुमी वर बगा," ती म्हणाली. "माजं हिथं काम हाय."

तर मित्रांनो, झाडाला पाणी घालाल, तेव्हा चार पावलं लांब या. आणि मला बघायचा मोह झाला, तरी उकरू नका. ओंजळभर माती टाका. तेवढं कौतुक मला पुरतं.