सगळ्यांना विचारून

गटात तिघे होते. नोकरी, संसार करून पुन्हा शिकायला आलेली ताई, जिला प्राध्यापक बाईसुद्धा चुकून ताईच म्हणायच्या. अंगानं काटकुळा आणि रेखीव चित्रं काढणारा पेन्सिल. आणि तिसरा पोपट. हे नाव त्याला त्याच्या आत्यानं लहानपणीच ठेवलेलं. एकदा बोलायला लागला की समोरच्याची मान आपोआप डोलायला लागायची.

शहरातला एखादा उजाड तुकडा निवडायचा आणि तो पुढे वर्षानुवर्षं टिकेल अशा रीतीनं सुधारायचा, असा कॉलेजातल्या स्पर्धेचा प्रकल्प होता. त्यांनी पोपटाच्या घराकडे जाणारा चढ घेतला. पावसाचं पाणी तिथून धो धो उतरून खालच्या दुकानांत शिरायचं. चढाच्या कडेला सिमेंटचा एक बुटका, तडे गेलेला कट्टा होता. तो फोडायचा आणि तिथं पाणी जिरवणारे वाफे करायचे, त्यांत गवत आणि झुडपं लावायची, असं ठरलं. मातीपाण्याचं गणित ताईनं सांभाळलं, नकाशे पेन्सिलनं काढले. त्या रस्त्यानं येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलायचं काम अर्थातच पोपटाचं.

तो गेलाही होता. पण ऊन मी म्हणत होतं. पहिल्याच माणसानं "वेळ नाही" म्हणून वाटेला लावलं, पुढच्या बाईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पोपट कोपऱ्यावरच्या दुकानात पंख्याखाली जाऊन बसला. झाडं कुणाला नको असतात? लोक काय म्हणणार ते त्याला आधीच ठाऊक होतं. संध्याकाळी त्यानं ठोकून दिलं, "सगळ्यांशी बोललो. लोक एका पायावर तयार आहेत."

ताईनं त्याची पाठ थोपटली.

प्रकल्प पहिला आला, आणि पालिकेनं तो खरोखरच उभा केला. कट्टा गेला, वाफे आले. उद्घाटनाला पोपट माईकवर म्हणाला, "या रस्त्यानं चालणाऱ्या प्रत्येकाला विचारून आम्ही हे केलंय." पुढच्या रांगेत बसलेली आत्या सगळ्यांचं संपल्यावरही टाळ्या वाजवत राहिली.

त्यानंतर मात्र आत्याचं येणं थांबलं. ती पोपटाच्या वडिलांची थोरली बहीण. चढाच्या खाली एकटी राहायची आणि रविवारी सकाळी न चुकता भावाकडे यायची. आता कधी तिचं डोकं जड असायचं, कधी कुणी भेटायला येणार असायचं.

"वन्संचं काही बिनसलंय का आपल्यावर?" आई म्हणाली. "जा, हाताला धरून घेऊन ये त्यांना."

पोपट गेला. आत्या आढेवेढे घेत अखेर निघाली. अर्ध्या चढावर तिचा श्वास लागला. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि विजेचा खांब धरला.

"आत्या, काय होतंय?"

"काही नाही रे. गुडघे कुरकुरतात. आधी इथं घडीभर टेकायचे आणि मग उरलेला चढ चढायचे." मग घाईनं म्हणाली, "वाफे छान झालेत हं."

पोपटानं वाफ्यांकडे पाहिलं. गवत कमरेएवढं झालं होतं. टेकायला वीतभर जागा नव्हती. आणि आत्याच्या पायांतलं बळ गेलं. ती खांबाला धरून खाली सरकली आणि रस्त्याच्या कडेला, मातीतच बसली.

पोपटाला एकट्याला तिला उठवता येईना. ड्यूटी संपवून घरी चाललेली एक नर्स थांबली. तिनं हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या, आत्याची नाडी बघितली, दुसऱ्या बाजूनं आधार देऊन तिला उभं केलं.

"या आठवड्यात मी इथं उचललेल्या या दुसऱ्या आजी," ती करवादली. "कट्टा होता तर बिचारे बसायचे. कुणाच्या डोक्यातून निघालं हे, कोण जाणे!"

"असं नका म्हणू हो," आत्या धापा टाकत म्हणाली. "माझ्या भाच्यानंच केलंय हे. सगळ्यांना विचारून केलंय त्यानं."

नर्सनं पोपटाकडे पाहिलं. "मी रोज याच रस्त्यानं जाते. मला नाही कुणी विचारलं."

"तुमची चुकामूक झाली असेल," आत्या ठामपणे म्हणाली.

पोपटानं पिशव्या उचलून नर्सच्या हातात दिल्या, एवढंच. तिच्या डोळ्याला डोळा द्यायची त्याची छाती झाली नाही.

घरी पोचल्यावर आत्याला पाणी देताना तो म्हणाला, "आत्या, मी कुणालाच विचारलं नव्हतं."

ती पाणी प्यायली. भांडं खाली ठेवलं.

"म्हणजे मी त्या बाईंना खोटं सांगितलं," ती म्हणाली.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. जेवताना दोघं एकमेकांकडे न पाहता भाजी वाढून घेत राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यानं गटाला सांगितलं. पेन्सिल म्हणाला, "आता गप्प बस ना! झालं ते झालं." ताई मात्र पांढरीफटक पडली. "तुझ्या भरवशावर मी अहवालावर सही केली रे," एवढंच म्हणाली आणि त्याला हाताला धरून प्राध्यापक बाईंकडे घेऊन गेली. बक्षिसावरून पोपटाचं नाव काढलं गेलं. वर्गापुढे उभं राहून सगळं सांगताना त्याला एकेक शब्द जड जात होता. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "पोपटाचाच पोपट झाला," आणि हशा पिकला. ताई हसली नाही, पण तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

मग तो आठवडाभर सकाळ-संध्याकाळ चढावर उभा राहिला आणि खरंच विचारत सुटला. कुणाला दिवा हवा होता, कुणाला हाताला धरायला कठडा, बऱ्याच जणांना टेकायला जागा. एकानं तर "पाडून झाल्यावर विचारता होय?" म्हणून खडसावलं. नर्स आली तेव्हा त्यानं तिच्याजवळही कबुली दिली. "तुमच्या आत्यांना सांगितलंत का?" तिनं विचारलं. तो हो म्हणाला, तशी ती मान हलवून पुढे गेली.

त्यानं लिहून दिलेलं सगळ्यांचं म्हणणं वाचून पालिकेनं दोन वाफे काढून तिथं सावलीत बाकं बसवली. आत्या रविवारची पुन्हा येऊ लागली. पण घरी कुणी पोपटाच्या शिक्षणाचा विषय काढला, की ती लगेच आईला काहीतरी दुसरंच विचारते. त्याला लाजवायचं नाही म्हणून. तेवढ्यात पोपट उठून स्वयंपाकघरात जातो आणि उगाच भांडी विसळत बसतो.